सुरतेत पोराला पोलिसांनी नेलं? आधी कलम विचारा

नवागाम (सुरत) : नवागाम, डिंडोली, लिंबायत, उधना, पांडेसरा. सुरतच्या या पट्ट्यात अर्धा खानदेश राहतो असं आपल्याकडे म्हणतात. लूमवर, डाइंग मिलमध्ये, रिंग रोडच्या कापड मार्केटात, नाहीतर रिक्षावर आपल्या गावचा कोणी ना कोणी असतोच. त्यामुळे रात्री अकरा-बाराला गावाकडे येणारा फोनही ओळखीचा झालाय : ‘आप्पा, लहान्याला पोलिसांनी नेलं. चौकात काहीतरी लफडं झालं.’

मग घरात एकच चर्चा चालते. त्यानं काय केलं, कोणासोबत होता, प्यायलेला होता का. कोणी ओळखीच्या पुढाऱ्याला फोन लावतो, तर कोणी ‘इतके द्या, सकाळी सुटेल’ म्हणणाऱ्या मध्यस्थाला. एक प्रश्न मात्र कोणी विचारत नाही, आणि तोच पहिला विचारायला हवा : कागदावर कलम कोणतं आहे?

चौकातला तोच आरडाओरडा चार वेगवेगळ्या कागदांवर चढू शकतो. एका कागदावर शंभर-हजाराच्या दंडात विषय संपतो. दुसऱ्यावर वर्षभर हमीपत्र डोक्यावर राहतं. तिसऱ्यावर दारूबंदीची केस होते. चौथा कागद पुढे तडीपारीच्या फाइलीत जाऊन बसतो. पोरानं केलेलं कृत्य तेच असलं तरी त्याचं पुढचं वर्ष कागदावरचा आकडा ठरवतो.

कायदा दोन्हीकडे एकच, पाटी वेगळी

‘गुजरातचा कायदा कडक आहे, आपल्याकडे असं नसतं’ हे वाक्य बसस्टँडवर नेहमी ऐकू येतं. ते अर्धंच खरं आहे. सार्वजनिक जागी गैरवर्तनाबद्दल सुरतचा पोलीस जो कायदा लावतो तो १९५१ चा आहे. तेव्हा सुरत आणि आपला खानदेश एकाच मुंबई राज्यात होते. बाळासाहेब खेर मुख्यमंत्री होते आणि गृहखातं मोरारजी देसाईंकडे होतं, म्हणजे खुद्द दक्षिण गुजरातच्या माणसाकडे. जिल्ह्यांसाठीचा १८९० चा जुना पोलीस कायदा आणि मुंबई शहराचा १९०२ चा, या दोन्हींच्या जागी ‘बॉम्बे पोलीस अ‍ॅक्ट’ आला. १ मे १९६० ला राज्यं वेगळी झाली तरी कायदा दोन्हीकडे तोच राहिला. पुढे २०११-१२ च्या सुमारास दोघांनीही नावातून ‘बॉम्बे’ काढलं. तिकडे तो ‘गुजरात पोलीस अधिनियम’ झाला, इकडे ‘महाराष्ट्र पोलीस अधिनियम’. कलमांचे आकडे बदलले नाहीत. म्हणून नंदुरबारच्या हवालदाराचं ११० आणि डिंडोलीच्या जमादाराचं ११० एकच आहे. फरक पडतो तो दारूच्या बाबतीत. त्याकडे पुढे येऊ.

कलम ११० सांगतं की रस्त्यावर किंवा लोकांच्या वावराच्या जागी अश्लील बोलू नये, अश्लील वागू नये, दंगामस्ती किंवा बेशिस्त वर्तन करू नये. यात सरकारी कचेरी आणि पोलीस ठाणंही आलं. कलम ११२ धमकी, शिवीगाळ किंवा अपमानाच्या अशा बोलण्या-वागण्याबद्दल आहे ज्यानं शांतता भंग होईल. ११५ रस्त्यावर किंवा रस्त्यालगत घाण करण्याबद्दल आहे. या सगळ्यांची शिक्षा कलम ११७ मध्ये आहे, आणि ती फक्त दंडाची आहे, कैदेची नाही. मूळ कायद्यात हा दंड शंभर रुपयांपर्यंत होता, महाराष्ट्रानं तो बाराशेपर्यंत नेला. म्हणून पोलिसांच्या बोलण्यात हे आकडे जोडीनं येतात : ‘११०-११७ केलंय.’

आता अडचण अशी की ‘बेशिस्त वर्तन’ म्हणजे नेमकं काय हे कायद्यानं कुठे सांगितलेलं नाही. लग्नाच्या वरातीत मध्यरात्री शिट्ट्या मारणारा, पानाच्या गल्ल्यावर उभा राहून येणाऱ्या-जाणाऱ्या बायकांना टोमणे मारणारा, आणि हप्ता थकला म्हणून फायनान्सवाल्याशी रस्त्यावर भांडणारा, तिघेही त्या शब्दांत बसवता येतात. जागेवर तो निर्णय शिपाई घेतो. कलम ७९ प्रमाणे असा गुन्हा पोलिसाच्या डोळ्यांदेखत घडला तर तो वॉरंटशिवाय धरू शकतो. ‘डोळ्यांदेखत’ हा शब्द लक्षात ठेवा. दुसऱ्या दिवशी कोणाच्या सांगण्यावरून घरी येऊन ११० मध्ये उचलून नेणं ही त्या कलमाची रीत नाही.

हे कलम निरुपयोगी आहे असं मी म्हणणार नाही. ज्या गल्लीत संध्याकाळी टोळकं बसतं त्या गल्लीतल्या बाईला विचारा. क्लासहून येणारी मुलगी लांबचा रस्ता का धरते हे तिच्या घरात सगळ्यांना माहीत असतं. मोठा गुन्हा घडेपर्यंत कायद्यानं हात बांधून बसावं अशी अपेक्षा कोणी करणार नाही. तक्रार करायची असेल तर ११२ वर करता येते, आणि बाईमाणसासाठी गुजरातमध्ये १८१ ‘अभयम’ची हेल्पलाइन आहे. तिथे मराठीत किंवा मोडक्या हिंदीत बोललं तरी काम होतं.

याच कायद्यात कलम ६८ आणि ६९ आहेत. पोलिसानं दिलेला वाजवी हुकूम मानला नाही तर तो माणसाला तिथून हटवू शकतो, आणि बाब किरकोळ असेल तर प्रसंग सरल्यावर सोडून देऊ शकतो. आंदोलनातले पुढारी ‘ताब्यात घेऊन संध्याकाळी सोडले’ अशी बातमी आम्ही देतो ती बहुतेक याच कलमांची असते. पुढाऱ्याला मिळणारी ही सवलत लूमच्या कारागिरालाही कायद्यानं तितकीच उपलब्ध आहे. त्याला ती माहीत नसते इतकंच.

दंड भरला म्हणजे मिटलं?

‘साहेबांनी सांगितलं गुन्हा कबूल कर, दंड भर, मोकळा हो.’ बहुतेक पोरं हेच करतात. दोन दिवसांची मजुरी बुडवून वकील कोण करणार? व्यवहार म्हणून ते चूकही नाही. पण कोर्टात गुन्हा कबूल करून भरलेला दंड म्हणजे शिक्षा झाली, माणूस दोषी ठरला. ती पार्किंगची पावती नव्हे.

आपल्याकडची पोरं पोलीस भरती, एसआरपी, सैन्य, रेल्वे यांच्या मागे असतात. तिथल्या अर्जात एक रकाना असतो : तुमच्यावर कधी गुन्हा दाखल झाला होता का, शिक्षा झाली होती का. पोरगं ‘नाही’ लिहितं, कारण त्याच्या लेखी ते लफडं केव्हाच मिटलेलं असतं. पडताळणीत मात्र ते वर येतं, आणि मग प्रश्न शंभर रुपयांचा राहत नाही, माहिती लपवल्याचा होतो. सुप्रीम कोर्टानं २०१६ मध्ये अवतार सिंग विरुद्ध भारत सरकार या प्रकरणात यावर नियम घालून दिले. तरुण वयात घोषणा दिल्या किंवा किरकोळ गुन्हा होता, आणि तो सांगितला असता तरी माणूस अपात्र ठरला नसता, तर मालक ती लपवाछपवी माफ करू शकतो. ‘करू शकतो’ म्हणजे ते त्याच्या मर्जीवर आहे. म्हणून रकान्यात खरं लिहावं, आणि केसचा नंबर व निकालाची नक्कल घरात जपून ठेवावी. सुरतला खोली बदलताना सगळ्यात आधी हरवतात ते हे कागद.

नवे फौजदारी कायदे

१ जुलै २०२४ पासून आयपीसी गेलं, भारतीय न्याय संहिता आली. शिवीगाळ, अश्लील गाणी यांचं जुनं २९४ आता २९६ आहे : तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा हजारापर्यंत दंड. दोन किंवा जास्त जणांनी सार्वजनिक जागी मारामारी करून शांतता भंग केली तर जुनं १६० ते आता १९४. तिथला शंभराचा दंड हजार झाला. दारू पिऊन सार्वजनिक ठिकाणी उपद्रव करणाऱ्यासाठीचं जुनं ५१० आता ३५५ आहे. त्यात दहा रुपयांचा दंड होता, तो हजार झाला. कैद चोवीस तासांपर्यंतच राहिली. नवी गोष्ट म्हणजे शिक्षा म्हणून समाजसेवा देता येते, म्हणजे कोर्ट सांगेल ते लोकोपयोगी काम बिनपगारी करायचं. संहितेतल्या मोजक्याच गुन्ह्यांना ही सोय आहे, त्यात हा एक आहे.

ही समाजसेवेची बातमी वाचून कोणी सुरतेत निवांत होऊ नये. तिथे प्यायलेल्या माणसासाठी पोलिसांच्या हाताशी दुसराच कायदा असतो.

नवापूरला प्यायली, उधन्याला उतरला

नवापूर रेल्वे स्टेशन आपल्या वाचकांना सांगायला नको. राज्याची हद्द स्टेशनातूनच जाते. तिकीट खिडकी महाराष्ट्रात, स्टेशन मास्तरचं ऑफिस गुजरातमध्ये. एका बाकाचा अर्धा भाग इकडे आणि अर्धा तिकडे, त्यावर लोक फोटो काढतात. गंमत म्हणून ठीक आहे, पण त्या बाकाच्या एका टोकाला आणि दुसऱ्या टोकाला दारूचा कायदा वेगळा वागतो.

इथेही मूळ कायदा एकच आहे, १९४९ चा दारूबंदी कायदा. महाराष्ट्रानं पुढे परवाने देऊन तो सैल केला, गुजरातनं घट्ट धरून ठेवला आणि २०१७ मध्ये आणखी आवळला. दारू बनवणं-विकणं यांची शिक्षा तेव्हा दहा वर्षांपर्यंत कैद आणि पाच लाखांपर्यंत दंड अशी झाली. पिऊन सार्वजनिक जागी धिंगाणा घालणाऱ्याची शिक्षाही त्याच वेळी वाढली. (२०२३ च्या डिसेंबरात गांधीनगरजवळच्या गिफ्ट सिटीला सूट मिळाली. ती तिथल्या हद्दीपुरती आहे, नवागामच्या खोलीत लागू नाही.)

सुरतच्या एफआयआरमध्ये दोन आकडे सोबत दिसतात : ६६(१)(बी) आणि ८५. पहिलं परवान्याशिवाय दारू पिण्याबद्दल आहे, दुसरं सार्वजनिक जागेबद्दल. कलम ८५ मध्ये तीन वेगळ्या गोष्टी येतात. नशेत स्वतःला सावरता न येणं, नशेत बेशिस्त वागणं, आणि परवाना नसताना नुसतं नशेत आढळणं. तिसरी गोष्ट आपल्या लोकांना कळत नाही. गोंधळ घालायची गरजच नाही, शिवीही द्यायची गरज नाही. रस्त्यावर नशेत सापडलात आणि परमिट नाही, तेवढं पुरतं.

समजा नंदुरबारला भाच्याच्या हळदीत कोणी घेतली आणि रात्रीच्या गाडीनं उधन्याला उतरला. ‘मी तर महाराष्ट्रात प्यालो, तिथं चालतं’ हे उत्तर ८५ ला लागू पडत नाही, कारण ते कलम कुठे प्यालात हे विचारत नाही, कुठे सापडलात हे बघतं. वर रेल्वेचा स्वतःचा कायदा आहेच. रेल्वे अधिनियम १९८९, कलम १४५ : गाडीत किंवा रेल्वेच्या हद्दीत नशेत असणं, शिवीगाळ, उपद्रव. शिक्षा सहा महिन्यांपर्यंत कैद आणि पाचशेपर्यंत दंड, तिकीट जप्त, शिवाय गाडीतून उतरवता येतं.

पुराव्याची बाजूही नीट समजून घ्या. तोंडाचा वास आला, डोळे लाल होते, पाय लटपटत होते, असं पंचनाम्यात लिहितात. पण कायद्यात रक्तातल्या दारूचा आकडा दिलेला आहे : ०.०५ टक्के, म्हणजे शंभर मिलिलिटर रक्तात पन्नास मिलिग्रॅम. तपासणी नोंदणीकृत डॉक्टरनं करायची असते, त्याची रीत कलम १२९-अ मध्ये आहे. आकडा तेवढा किंवा जास्त आला तर दारू बेकायदा प्यायली नव्हती, औषध वगैरे होतं, हे सिद्ध करण्याचं ओझं आरोपीवर येतं. म्हणून रक्त कधी घेतलं, कुठल्या दवाखान्यात घेतलं आणि अहवालात काय आलं, या तीन गोष्टी वकिलाला पहिल्या सांगाव्यात. गाडी चालवणाऱ्याला मर्यादा याहून कमी आहे, शंभर मिलिलिटरला तीस मिलिग्रॅम, आणि ती सगळ्या देशात सारखी आहे. म्हणजे मोटारसायकलवर असाल तर दोन केसेस.

बाहेरच्या राज्यातून थोड्या दिवसांसाठी येणाऱ्याला गुजरात तात्पुरतं परमिट देतं, त्याचा अर्ज ऑनलाइनही होतो. पण सुरतला राहून कामधंदा करणारा माणूस ‘पाहुणा’ ठरत नाही, मग त्याचं आधार कार्ड शिरपूरचं असलं तरी.

जाहेरनामा

सुरतच्या पेपरात ‘जाहेरनामा भंग’ हा शब्द रोज असतो. पोलीस कमिशनर कलम ३७ खाली हुकूम काढतात : हत्यारं, काठ्या, दगड बाळगू नका, परवानगीशिवाय जमाव किंवा मिरवणूक काढू नका. राज्य सरकारच्या मंजुरीशिवाय असा हुकूम पंधरा दिवसांपेक्षा जास्त चालत नाही, पण एक संपला की पुढचा येतो. हत्याराबद्दलचा हुकूम मोडला तर कलम १३५ लागतं, आणि त्यात वर्षभरापर्यंत कैद आहे. सुरतच्या मारामारीच्या जवळपास प्रत्येक एफआयआरच्या शेवटी ‘जी. पी. अ‍ॅक्ट १३५’ जोडलेलं दिसतं ते यामुळे. कामाचं धारदार हत्यार पिशवीत घेऊन रात्री पायी जाणाऱ्यानं कारखान्याचं ओळखपत्र जवळ ठेवावं. रात्रपाळी सुटल्यावर तर नक्कीच, कारण सूर्यास्त ते सूर्योदय संशयास्पद स्थितीत सापडण्याबद्दल १२२ हे वेगळं कलम आहे, आणि त्यातल्या काही भागांत ‘समाधानकारक खुलासा’ किंवा ‘वाजवी कारण’ यावरच सगळं ठरतं.

डीजेबद्दल थोडक्यात. रात्री दहा ते सकाळी सहा लाउडस्पीकर बंद हा २००० सालचा केंद्राचा नियम आहे. सणासाठी वर्षातले ठराविक दिवस, जास्तीत जास्त पंधरा, राज्य सरकार बारापर्यंत सूट देऊ शकतं. नवरात्रीत सूट मिळाली म्हणून आपल्या हळदीलाही मिळेल असं नाही.

‘अटकायती पगलां’

सगळ्यात जास्त पोरं अडकतात ती इथे, आणि सगळ्यात कमी लोकांना कळतो तो हाच भाग. गुजराती बातमीत ‘अटकायती पगलां लेवायां’ असं येतं, म्हणजे प्रतिबंधक कारवाई झाली. यात घडलेल्या गुन्ह्याची शिक्षा होत नाही. पुढे गुन्हा करशील म्हणून आज बांधून ठेवतात.

नव्या नागरिक सुरक्षा संहितेत कलम १७० आहे, जुनं १५१. एखादा दखलपात्र गुन्हा करण्याच्या बेतात आहे आणि दुसऱ्या कशानं तो थांबणार नाही असं पोलिसाला वाटलं तर तो अटक करू शकतो, पण चोवीस तासांपेक्षा जास्त ठेवता येत नाही. त्याच्या जोडीला १२६ येतं, जुनं १०७. कार्यकारी दंडाधिकारी विचारतो : शांतता राखण्यासाठी एक वर्षापर्यंतचं हमीपत्र का घेऊ नये? कमिशनरेट असलेल्या शहरात हे दंडाधिकारी बहुधा पोलीस खात्यातलेच वरिष्ठ अधिकारी असतात. ज्या खात्यानं धरलं त्याच खात्याच्या साहेबापुढे उभं राहायचं, हे मला तरी कधी पटलेलं नाही. वारंवार गुन्हे करणाऱ्यासाठी १२९ आहे, जुनं ११०, तिथे हमी तीन वर्षांपर्यंत जाते. (हे ११० संहितेतलं. पोलीस कायद्यातलं ११० वेगळं. दोन्हींची गल्लत वकीलही करतात, म्हणून ‘कोणत्या कायद्याचं ११०?’ असं विचारायचं.)

हमीपत्रावर सही करताना पोरं विचारतात, आता सुटलो ना? सुटला, पण त्या मुदतीत पुन्हा भांडण झालं तर हमीची रक्कम जप्त होते आणि उरलेली मुदत तुरुंगात काढायची वेळ येऊ शकते. म्हणून त्या वर्षात शेजाऱ्यानं कळ काढली तरी तिथून निघून जावं, असं घरच्यांनी पोराला बजावायला हवं.

अशा दोन-चार नोंदी जमल्या की फाइल जाड होते. मग तडीपारी येते, पोलीस कायद्याची कलमं ५६ आणि ५७. दोन वर्षांपर्यंत शहर-जिल्हा आणि लगतच्या जिल्ह्यांतूनही बाहेर. आधी नोटीस द्यावी लागते, म्हणणं ऐकावं लागतं, आणि हुकमाविरुद्ध तीस दिवसांत राज्य सरकारकडे अपील करता येतं. महाराष्ट्रातल्या एका तडीपारीवर निकाल देताना सुप्रीम कोर्टानं २०२२ मध्ये सांगितलं की हा असाधारण उपाय आहे, माणसाला स्वतःच्या घरात राहू देत नाही, पोटापाण्यावर येतो, म्हणून तो जपून वापरायचा. तसंही तडीपारीनं काय साधतं? एका जिल्ह्याची ब्याद दुसऱ्या जिल्ह्याच्या दारात.

त्याच्याही वर ‘पासा’, गुजरातचा १९८५ चा समाजविरोधी कारवाया रोखण्याचा कायदा. आपल्याकडचा एमपीडीए त्याचाच भाऊबंद. यात खटल्याशिवाय एक वर्षापर्यंत स्थानबद्ध ठेवता येतं, आणि तेही बहुधा लांबच्या जेलमध्ये. २०२० मध्ये त्याची कक्षा वाढवली गेली. मार्च २०२५ मध्ये अहमदाबादच्या वस्त्राल भागात टोळक्यानं रस्त्यावर हैदोस घातल्यावर राज्याच्या पोलीस महासंचालकांनी शंभर तासांत समाजविरोधी तत्त्वांच्या याद्या करा असा हुकूम सोडला होता. अशा वेळी यादी ठाण्यातल्या जुन्या नोंदींवरूनच बनते. किरकोळ म्हणून सोडून दिलेला कागद तेव्हा कामाला येतो, पण तुमच्या नाही.

इथे सुप्रीम कोर्टाचा एक जुना विचार उपयोगी पडतो. राम मनोहर लोहियांच्या स्थानबद्धतेच्या प्रकरणात न्यायमूर्ती हिदायतुल्ला यांनी एकात एक तीन वर्तुळं कल्पिली. सगळ्यात मोठं ‘कायदा आणि सुव्यवस्था’, त्याच्या आत ‘सार्वजनिक सुव्यवस्था’, सगळ्यात आत ‘राज्याची सुरक्षा’. दोन दारुड्यांची हाणामारी पहिल्या वर्तुळात असते, दुसऱ्यात नाही. सार्वजनिक सुव्यवस्था बिघडणं म्हणजे सगळ्या वस्तीचं जगणं विस्कटणं. पासाचे हुकूम कोर्टात रद्द होतात ते बऱ्याचदा याच मुद्द्यावर : भांडण होतं, पण ते पहिल्या वर्तुळातलं होतं.

फोन आल्यावर

पोलिसांनी धरलं तर कारण सांगणं बंधनकारक आहे. आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये वरळीच्या बीएमडब्ल्यू अपघाताच्या प्रकरणात सुप्रीम कोर्टानं सांगितलं की अटकेची कारणं लेखी द्यायची, आणि अटक झालेल्याला समजेल अशा भाषेत द्यायची, उशिरात उशिरा रिमांडसाठी उभं करण्याच्या दोन तास आधी. सुरतचा कागद गुजरातीत असतो. आपल्या बऱ्याच पोरांना गुजराती बोलता येतं, वाचता येत नाही. ‘मला वाचता येत नाही, हिंदीत किंवा मराठीत द्या’ असं म्हणणं हा उद्धटपणा नाही. न वाचता सही करू नये, करावीच लागली तर खाली मराठीत ‘मला वाचून दाखवलेले नाही’ असं लिहावं.

घरच्या एका माणसाला कळवणं पोलिसांचं काम आहे, वकिलाला भेटण्याचा हक्क आहे, चोवीस तासांच्या आत मॅजिस्ट्रेटसमोर उभं करावं लागतं. बाईला, अपवाद सोडता, सूर्यास्तानंतर अटक करता येत नाही. वकिलाला पैसे नसतील तर मोफत कायदेशीर मदतीचा नंबर १५१०० आहे, तो दोन्ही राज्यांत चालतो. मध्यस्थाच्या आधी तो लावा.

शेवटी जामीनदाराचा घोळ, जो आपल्या लोकांना सगळ्यात जास्त छळतो. बाप सातबारा घेऊन पहाटेच्या गाडीनं सुरतला पोचतो आणि तिथे ऐकतो, ‘महाराष्ट्राचा चालणार नाही, सुरतचा जामीनदार आणा.’ मग कोर्टाच्या आवारात भाड्याचे जामीनदार भेटतात आणि शेतीचे पैसे तिथे जातात. १९७८ मध्ये मोतीराम नावाच्या मध्य प्रदेशातल्या एका गवंड्याचं असंच झालं होतं. दहा हजारांचा जामीन मागितला, आणि भावाची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात आहे म्हणून मॅजिस्ट्रेटनं तो जामीनदार नाकारला. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी तो हुकूम मोडला. जामीनदार दुसऱ्या जिल्ह्याचा किंवा राज्याचा आहे एवढ्याच कारणानं नाकारता येत नाही, असं त्यांनी स्पष्ट केलं. रक्कमही माणसाची ऐपत बघून ठरवा म्हणाले. आणि गुन्हा जामीनपात्र असेल व आठवड्यात जामीनदार मिळालाच नाही, तर त्या माणसाला गरीब समजून त्याच्या स्वतःच्या जातमुचलक्यावर सोडायचं, अशी तरतूद संहितेच्या कलम ४७८ मध्ये लिहिलेलीच आहे. वकिलाला मोतीराम हे नाव आणि ४७८ हा आकडा सांगा. सातबारा, आधार आणि रेशन कार्डाच्या दोन-दोन झेरॉक्स सोबत घेऊनच गाडीत बसा.